वृद्धांमधील खुब्याचे हाड मोडणे

उतारवयात हाडे ठिसूळ होतात. त्यामुळे न्हाणीघरात घसरून पडल्यानेही खुब्याचे हाड मोडू शकते. ‘मुका मार’ समजून रुग्णाला घरीच झोपवून ठेवल्यास न्यूमोनिया, पाठीला जखमा आणि रक्ताच्या गुठळ्या होऊन जिवाला धोका निर्माण होतो.

लक्षणे
- जांघेत किंवा खुब्यात तीव्र वेदना
- उभे राहता न येणे
- पाय आखूड व बाहेर वळलेला दिसणे

काही रुग्ण लंगडत चालू शकतात. तरीही एक्स-रे काढावा.

प्रथमोपचार
- मालीश करू नये, पाय ओढू नये.
- शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून खायला-प्यायला देऊ नये.
- पायाला उशीचा आधार देऊन 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

उपचार
बहुतेकांना शस्त्रक्रिया लागते. स्क्रू किंवा सळीने हाड जोडतात, अथवा कृत्रिम सांधा बसवतात. ती शक्यतो 48 तासांत व्हावी. त्यानंतर रुग्णाला लवकर उभे करणे महत्त्वाचे असते.

आर्थिक साहाय्य
70 वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. त्यावर योजनेशी संलग्न रुग्णालयांत कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. नोंदणीसाठी आधार कार्ड आवश्यक आहे. माहितीसाठी हेल्पलाइन : 14555.