गोरखचिंचेचे वय

गोरखचिंचेचे मोठे झाड दिसले की मुले हात धरून खोडाभोवती कडे करतात आणि लगेच विचारतात, “सर, हे किती वर्षांचे असेल?” काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका सहलीत हा प्रश्न माझ्यावर आला. सोबतच्या शिक्षकांनी “हजार तरी” म्हणून वेळ मारून नेली. मी गप्प राहिलो. झाड तोडून वलये मोजायची सोय नव्हती, आणि घेरावरून वय काढायला मी धजत नव्हतो. घेरावरून काढलेल्या वयाने याच झाडाच्या बाबतीत एका हुशार माणसाला चकवलेले आहे.

तो माणूस म्हणजे मिशेल आदांसाँ. १७४९ साली, बाविसाव्या वर्षी, हा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक सेनेगलच्या किनाऱ्याजवळील माग्दलेन बेटांवर उतरला. तिथल्या गोरखचिंचांच्या सालीवर युरोपीय खलाशांनी आपली नावे कोरून ठेवली होती. काही पंधराव्या शतकातली, काही सोळाव्या. अक्षरे सुमारे सहा इंचांची होती, पण परिघाचा लहानसाच भाग त्यांनी व्यापला होता. म्हणजे कोरताना झाडे कोवळी नव्हती, हे त्याने ओळखले. झाडावर तारीखच लिहिलेली सापडावी, याहून अभ्यासकाला अधिक काय हवे? त्याला लहान झाडांच्या वाढीची जोड देऊन त्याने वय आणि व्यास यांचे कोष्टक मांडले. १४ फूट व्यासाला १००० वर्षे, ३० फुटांना ५१५० वर्षे!

हा आकडा युरोपात अनेकांना झोंबला. बायबलच्या तेव्हाच्या कालगणनेनुसार महाप्रलय इ. स. पूर्व २३४८ च्या सुमारास झाला होता. आदांसाँची झाडे त्याआधी हजारएक वर्षे उभी होती, असा याचा अर्थ. शंभर वर्षांनी डेव्हिड लिव्हिंगस्टनने आफ्रिकेत या झाडांची वलये स्वतः मोजली आणि १८५७ च्या प्रवासवर्णनात लिहिले, की शंभर फूट घेराच्या झाडाचाही हिशेब चौदाशे वर्षांपुढे जात नाही. लिव्हिंगस्टन धर्मप्रचारक होता, तेव्हा प्रलय वाचवण्यात त्याला रस होताच. पण वलये मोजण्याची त्याची पद्धत आदांसाँच्या कोष्टकापेक्षा सरळ होती, हेही मान्य करायला हवे. अडचण एवढीच, की गोरखचिंचेची वलये पुसट असतात आणि मधली काही गायबही असतात. (आपल्या सागाची मात्र स्पष्ट असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील संशोधकांनी ठाणे भागातील सागाची वलये पावसाच्या अभ्यासासाठी वापरली आहेत.)

खरा निवाडा किरणोत्सारी कार्बनने केला. झाडाच्या आतले लाकूड एकदा तयार झाले की त्यात हवेतला नवा कार्बन शिरत नाही. कार्बन-१४ मात्र ठरावीक गतीने घटत राहतो. उरलेला मोजला की लाकडाचे वय कळते. १९६३ साली एडवर्ड स्वार्ट यांनी करिबा येथील सुमारे १५ फूट व्यासाच्या गोरखचिंचेच्या गाभ्याचे वय १०१० वर्षे काढले, कमीजास्त १००. आता आदांसाँच्या कोष्टकाकडे पाहा. १४ फुटांना १००० वर्षे! बिचाऱ्याचा आकडा तिथे जवळजवळ बरोबर होता.

मग तो चुकला कुठे? याचे उत्तर एकविसाव्या शतकात मिळाले. रुमानियाचे रसायनशास्त्रज्ञ आद्रियान पात्रुत यांनी पोकळ बोरर फिरवून जिवंत झाडांतून लाकडाच्या बारीक कांड्या काढल्या आणि त्यांचे वय तपासले. तेव्हा दिसले, की अवाढव्य गोरखचिंच हे बहुधा एक खोड नसतेच. अनेक खोडे वर्तुळात उगवून एकमेकांना चिकटतात, मध्ये पोकळी राहते, आणि बाहेरून सगळे एकच वाटते. अशा झाडात मध्यभाग सर्वांत जुना असेल असेही नाही. त्यांनी तपासलेल्यांपैकी सर्वांत जुने झाड, झिंबाब्वेतील ‘पांके’, सुमारे २४५० वर्षांचे भरले. ५१५० च्या निम्म्याहूनही कमी.

आपल्या जवळचे उदाहरण गोवळकोंड्याचे. तिथल्या प्रसिद्ध गोरखचिंचेचा घेर सुमारे २५ मीटर, म्हणजे व्यास २६ फुटांच्या आसपास. आदांसाँच्या कोष्टकाने तिला चार हजार वर्षे तरी द्यावी लागली असती. कार्बनने दिली पावणेपाचशे, म्हणजे फार तर कुतुबशाहीच्या काळातली.

सहलीत आम्ही शेवटी दोरीने छातीच्या उंचीवर घेर मोजला आणि मुलांनी तो तारखेसह वहीत लिहिला. तारीख महत्त्वाची, कारण हे खोड पाणी साठवून पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवर मोजायचे, असे शिक्षकांशी ठरले. वयाचा रकाना मात्र आम्ही कोराच ठेवला.