सतरा वर्षांची प्रतीक्षा

आमच्या सोपाऱ्यास परदेशी मालाचे वावडे कधीच नव्हते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात ‘सुप्पारा’ म्हणून ज्याचा निर्देश येतो ते हे प्राचीन बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उकरला, तेव्हापासून विद्वानांत त्याची कीर्ती आहे. पुढे खाडी गाळाने भरली, आणि आता नालासोपारा म्हटले की लोकांस विरारच्या गाडीतील गर्दीच तेवढी आठवते. त्याच गर्दीतून १९८८ साली, मी कॉलेजचा विद्यार्थी असताना, खिशात एक कॅसेट जपून घरी आणली. ती ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या वाद्यवृंदाची होती. प्राध्यापकाने असल्या गोष्टींवर लिहावे काय, असे कोणी म्हणेल. पण ज्या कलेने एका पिढीचे कान घडविले तिचा इतिहास लिहिण्यास तरी प्रत्यवाय नसावा.

‘आल्बम’ हा शब्द या प्रांतात आला कसा, हे येथे सांगणे अवश्य आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे गाणे मावे. मोठी रचना असली म्हणजे अनेक तबकड्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकीत. छायाचित्रांच्या वहीसारखी ती दिसे, म्हणून तिला ते नाव पडले. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने दीर्घ तबकडी काढली आणि वही गेली, नाव मात्र राहिले. या बदलाने गाण्याचे स्वरूपच पालटले. सुटे गाणे ऐकावे आणि विसरावे. आठ-दहा गाण्यांच्या संग्रहात कर्त्याचा एक अखंड विचार उतरू शकतो, आणि त्याचा पुढचा विचार काय असेल याची रसिक वाट पाहू लागतो.

अशी वाट पाहणे मराठी घरांस मुळीच नवे नाही. १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले, आणि पुढे वर्षभर, छप्पन्न गीते होईपर्यंत, श्रोते दर आठवड्यास नव्या गीताची प्रतीक्षा करीत. फरक इतकाच की तेथे पुढील आठवडा ठरलेला होता.

रॉक मशीन १९८४ साली उभे राहिले. त्या काळी मुंबईत इंग्रजी गाणी वाजविणाऱ्या तरुणांस तोटा नव्हता; परंतु ऐकणाऱ्यांस हवी असत ती साहेबांचीच गाणी, आणि तीही तबकडीबरहुकूम. रंगभवनच्या उघड्या प्रेक्षागृहात कोणी आपली रचना आरंभिली की पोरे ओरडून परिचित गाण्याची फर्माईश करीत. मीही त्या ओरडणाऱ्यांत असे, हे कबूल करावयास हवे. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन, जयेश गांधी, झुबिन बालापोरिया प्रभृती मंडळींनीही आरंभ उसन्या गाण्यांनीच केला. पण १९८८ मध्ये त्यांनी ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गीतांचा संग्रह काढला, आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. पहिला संग्रह अगदी निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. विलायती उच्चारांचा सोस त्यात पुष्कळ आहे. तथापि पुढील खेपेस रंगभवनात गेलो तेव्हा श्रोते त्यांचीच पदे त्यांच्याबरोबर म्हणत होते. माझ्या मते या वाद्यवृंदाचे खरे कर्तृत्व हेच होय. आपल्यातलाच कोणी जे रचील त्याची आतुरतेने वाट पाहण्यास त्यांनी आम्हांस शिकविले.

१९९३ मध्ये त्यांनी नाव पालटून ‘इंडस क्रीड’ असे घेतले. यंत्राच्या जागी सिंधू आली, हे मला सूचक वाटते. त्याच नावाचा तिसरा संग्रह १९९५ साली प्रसिद्ध झाला. तिघांत तो मला अधिक प्रौढ वाटतो. आता चौथा केव्हा, असे आम्ही विचारू लागलो, तोच १९९७ मध्ये मंडळी पांगली. बेनेगल आणि गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ हा निराळाच उद्योग मांडला. आपल्याकडे गाण्याचा व्यापार म्हणजे चित्रपटाचा व्यापार. त्याच्या बाहेर राहून स्वतःच्या हिमतीवर गाणाऱ्यास टाळ्या मिळतात, संसार चालेलच याची शाश्वती नाही. एरवी ज्या शहरात इतके श्रोते होते तेथून एवढा गाजलेला वाद्यवृंद ऐन भरात का विस्कटावा, याचा दुसरा उलगडा मला होत नाही.

२०१० साली ते पुन्हा एकत्र आले. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया जुने. रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी हे नवे. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ निघाला. मधल्या सतरा वर्षांत कॅसेट गेली, चकती आली आणि तीही जाऊ लागली. रंगभवनातील जलसे बंद पडले. माझे केस पिकले.

हा संग्रह मी घरी एकट्याने ऐकला. पूर्वीचा धसमुसळेपणा त्यात नव्हता. लय संथ, वळणे अधिक, आणि उच्चारांचा तो सोस गेलेला. दोन-तीन गाणी मला लांबलेली वाटली. ऐकता ऐकता ध्यानात आले की १९९५ साली जो संग्रह मी मनात कल्पून ठेवला होता, त्याच्याशी याची तुलना चालली आहे. आणि तो तर कोणीच रचला नव्हता. मग ती तुलना सोडून पुन्हा पहिल्यापासून लावला. तोवर मुलगा शिकवणीहून परतला होता. दारातच थबकून त्याने विचारले, “बाबा, हे कोण? इकडचेच का?” मी होय म्हणालो, आणि कपाटातली ती १९८८ ची कॅसेट काढून त्याच्या हाती दिली.