वादी हम्मामातचे शिलालेख : राजवैभव आणि श्रमिकांची नोंद

प्राचीन इजिप्तच्या इतिहासात पिरॅमिड, मंदिरे व राजमूर्ती यांना मोठे स्थान आहे. मात्र या वैभवासाठी राबलेल्या माणसांची नोंद पाहावयाची असल्यास नाईलचा काठ सोडून पूर्वेकडील वाळवंटात जावे लागते.

नाईलकाठचे किफ्त आणि तांबड्या समुद्रावरील कुसैर यांना जोडणारा सुमारे १८० किलोमीटरचा मार्ग वादी हम्मामात या कोरड्या दरीतून जातो. मूर्ती व शवपेट्यांसाठी लागणारा ‘बेखेन’ हा हिरवट करडा पाषाण येथील खाणींतून नेला जाई. दरीतील कातळांवर राजघराण्यांच्या उदयापूर्वी कोरलेल्या नौकांच्या आकृती दिसतात. तेथेच पुढील काळातील राजमोहिमांचे लेखही आहेत. दगड नेण्यास आलेल्यांनी आपला हिशेब दगडावरच लिहून ठेवला, हे या स्थळाचे वैशिष्ट्य होय.

हे लेख मात्र एकाच भूमिकेतून लिहिलेले नाहीत. चौथ्या मेंतुहोतेपचा वजीर अमेनेमहात १०,००० माणसांची मोहीम एकही जीव न गमावता परतल्याचे अभिमानाने नोंदवितो. पहिल्या सेनुस्रेतच्या ३८ व्या राज्यवर्षातील लेखात सुमारे १७,००० मजुरांचा उल्लेख असून त्यात शिध्याचाही हिशेब आहे. सामान्य मजुराचा वाटा १० रोट्यांचा, तर मोहिमेचा प्रमुख आमेनी याचा २०० रोट्यांचा होता. समाजातील उतरंड येथे आकड्यांतच व्यक्त होते.

इ. स. पूर्व बाराव्या शतकातील चौथ्या रामसेसच्या तिसऱ्या राज्यवर्षातील लेख याहून बोलका आहे. त्यात ५,००० सैनिक, १३० पाथरवट अशी वर्गवारी येते आणि ८,३६८ ही एकूण संख्या दिलेली आहे. त्याचबरोबर यादीतून वगळलेल्या ९०० मृतांचाही उल्लेख आहे. म्हणजे साधारणपणे दहांत एक माणूस परतला नाही. अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. मृतांची केवळ संख्या उरली.

सारांश, अमेनेमहातचा दावा आणि रामसेसच्या लेखातील आकडा एकत्र वाचले असता राजकीय लेखांची विश्वसनीयता तपासण्याची गरज स्पष्ट होते. एका लेखात मृत्यू नाकारला आहे, तर दुसऱ्यात तो हिशेबाची एक बाब ठरला आहे. या दरीत येणाऱ्या अभ्यासकाने राजनामांच्या भव्य चौकटींबरोबरच ती एक ओळही वाचणे आवश्यक आहे. त्या ९०० जणांचे दुसरे स्मारक तेथे नाही.