करार नूतनीकरण : सही करण्यापूर्वी बदललेल्या अटी कशा तपासाव्यात?

नवी दिल्ली : दिल्ली, गुरुग्राम व नोएडा येथे निश्चित मुदतीच्या करारावर नोकरी करणाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातून आलेल्या तरुणांचाही समावेश आहे. मुदत संपत आली की नूतनीकरणाचे पत्र हाती पडते आणि अटी पूर्वीप्रमाणेच असतील, असे गृहीत धरून सही केली जाते. प्रत्यक्षात नूतनीकरण हा अनेकदा नव्या अटींचा नवा करार असतो. त्यातील कोणती अट कायद्यापुढे टिकत नाही आणि कोणती सहीमुळे बंधनकारक ठरते, हा भेद ओळखणे महत्त्वाचे आहे.

कायद्याने दिलेला हक्क

दिल्लीतील जनकपुरी सुपर स्पेशालिटी रुग्णालयातील एका महिला डॉक्टरांचा करार दरवर्षी नूतनीकरणाच्या अटीवर, कमाल 3 वर्षांसाठी होता. त्यांनी 1 जून 2017 पासून मातृत्व रजा मागितली. परंतु करार 11 जूनला संपत असल्याने केवळ 11 दिवसांची रजा मंजूर झाली. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण व दिल्ली उच्च न्यायालयाकडून त्यांना दिलासा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 17 ऑगस्ट 2023 रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पात्रतेच्या अटी पूर्ण झाल्या असतील, तर मातृत्व लाभ कायदा, 1961 नुसार मिळणारे लाभ कराराच्या मुदतीनंतरही द्यावे लागतात, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

सहीने बांधणाऱ्या अटी

जेथे कायदा निवडीला वाव देतो, तेथे मात्र करारातील शब्द निर्णायक ठरतो. वाद उद्भवल्यास केवळ मुंबईतील न्यायालयात दाद मागता येईल, अशी अट एचडीएफसी बँकेच्या नियुक्तीपत्रांत होती. पाटणा व दिल्ली येथील दोन कर्मचाऱ्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये ही अट वैध ठरवली. दाद मागण्याचा हक्क कायम असून केवळ ठिकाण मर्यादित झाले आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. किमान 3 वर्षे सेवा न केल्यास 2 लाख रुपये भरण्याची तत्कालीन विजया बँकेची अटही न्यायालयाने मे 2025 मध्ये ग्राह्य धरली. म्हणूनच न्यायालयाचे ठिकाण, नोटीस कालावधी, सेवाबंध व बदली यांविषयीची कलमे जुन्या करारातील कलमांशी ओळीने ताडून पाहावीत.

वेतन व ग्रॅच्युइटी

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार, निश्चित मुदतीच्या कामगाराचे कामाचे तास, वेतन व भत्ते तेच किंवा तत्सम काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा कमी दर्जाचे असू शकत नाहीत. एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्कही मिळतो. दरमहा 26,000 रुपये वेतन असल्यास, 15 दिवसांच्या वेतनाच्या सूत्रानुसार एका वर्षाची ग्रॅच्युइटी 15,000 रुपये होते.

एकूण पगार तोच ठेवून मूळ वेतन घटवले आणि भत्ते वाढवले, तर ग्रॅच्युइटी व भविष्य निर्वाह निधीवर परिणाम होऊ शकतो. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरची रक्कम वेतनातच धरण्याची तरतूद नव्या संहितांत आहे. त्यामुळे केवळ वार्षिक पॅकेजचा आकडा न पाहता त्याची फोड मागावी.

दोन करारांमधील खंड

नव्या कराराची तारीख जुन्या कराराच्या समाप्तीला लागून आहे का, हेही पाहावे. मागील सेवा धरली जाणार आहे की तिचा हिशेब पूर्ण करून नवी सेवा सुरू होणार आहे, शिल्लक रजांचे काय होणार, याचा लेखी उल्लेख असावा.

बोलण्याची वेळ

मुदत संपल्यावर करार पुढे न चालवणे ही कायद्याच्या दृष्टीने कामगार कपात मानली जात नाही. त्यामुळे कपातीची भरपाई मागता येत नाही. साहजिकच वाटाघाटीची खरी संधी सहीपूर्वीच असते. मसुदा मुदतीच्या काही आठवडे आधी मागवावा, बदललेल्या कलमांविषयीचे प्रश्न ई-मेलने विचारावेत आणि तोंडी आश्वासन पत्रात उतरवून घ्यावे. दोन्ही पक्षांच्या सह्या असलेली प्रत, जुना करार व पगारपत्रके स्वतःजवळ जपून ठेवावीत.