सिद्धेश्वर तलावाचा फोटो काढताना नेमकं काय पाहायचं?

सोलापूरच्या नवी पेठेतली बाजाराची गर्दी मागे टाकली, की थोड्याच अंतरावर सिद्धेश्वर तलाव लागतो. पाण्यात मंदिर, काठावर भुईकोट किल्ला. दृश्य निसर्गाचं वाटतं, पण हा तलाव माणसांनी खोदलेला आहे.

तलाव कुणी बांधला?
परंपरेनुसार, १२व्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून. ते बसवेश्वरांचे समकालीन आणि कन्नड वचनकार. वर्षाला जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात पाणी साठवणं हीच मोठी लोकसेवा होती.

किल्ल्याचा काय संबंध?
बहमनी काळातल्या या किल्ल्याच्या पूर्वेला तलाव आणि उरलेल्या बाजूंना खंदक आहे. डोंगर नसलेल्या सपाट मुलखात पाण्यानेच पहारा दिला.

फोटो कसा काढावा?
किल्ल्याच्या बाजूने तलावाकडे पाहिल्यास सकाळी सूर्य समोर येतो, त्यामुळे मंदिराची काळी आकृती मिळते. दगडाचा पोत हवा असेल तर संध्याकाळचं तिरपं ऊन बरं. प्रतिबिंबासाठी वारा पडलेला असावा आणि मोबाइल पाण्याच्या जवळ धरावा. किल्ला संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड किंवा ड्रोन वापरण्याआधी परवानगी घ्यावी.

एक फोटो पुरेसा आहे का?
एकाच जागेवरून मे, सप्टेंबर आणि जानेवारीत फोटो काढले, तर पाण्याची पातळी आणि काठावरचा कचराही दिसतो. कचरा फ्रेमबाहेर ठेवला की फोटो सुंदर येतो, तलावाची खरी अवस्था मात्र लपते.