‘लॉयल्टी’ जहाजावरची सफाई कोणी केली?

आमच्या अभ्यासवर्गात स्पर्धा परीक्षा देणारी मुलं येतात. राष्ट्रीय सागरी दिन कधी? ५ एप्रिल. का? १९१९ साली सिंदिया कंपनीचं ‘एस. एस. लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं म्हणून. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिलं, हेही मुलांना पाठ असतं. त्यात खोटं काही नाही. पण त्याआधी हे जहाज काय करत होतं, हे गाईडमध्ये नसतं.

ते होतं हॉस्पिटल जहाज. मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी इंग्लंडमधल्या बॅरोला बांधलेलं, १८९१ पासून व्हँकुव्हर आणि हाँगकाँग दरम्यान प्रवासी व टपाल नेणारं. वर श्रीमंत गोरे, खालच्या वर्गात शेकडो चिनी मजूर. महायुद्ध पेटल्यावर डिसेंबर १९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ते विकत घेतलं आणि हिंदी जखमी सैनिकांसाठी दिलं. जानेवारी १९१५ मध्ये त्याचं नवं नाव ठेवलं ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. कोणाची कोणाशी, ते सांगायला नकोच.

आता जरा डोळ्यासमोर आणा. जहाजावरचं हॉस्पिटल म्हणजे हगवणीचे, कुजलेल्या जखमांचे, उठताही न येणारे रुग्ण. डॉक्टर औषध देणार, पण मलमूत्राची भांडी कोण उचलणार? रक्ताने भरलेल्या पट्ट्या कोण गोळा करणार? हिंदी फौजेने याचं उत्तर जातीत शोधून ठेवलं होतं. भिस्ती, स्वयंपाकी, स्वीपर असे ‘फॉलोअर’ फौजेबरोबर जात. स्वीपरचं काम ठरलेल्या जातींचं. इंग्लंडमध्ये हिंदी सैनिकांची हॉस्पिटलं उघडली, तेव्हा तिथेही सफाईसाठी माणसं भारतातून नेली. समुद्र ओलांडला तरी जात ओलांडली नाही.

त्यातला एक सुखा, बरेलीचा. इंग्लंडमधल्या ब्रॉकनहर्स्ट गावच्या लेडी हार्डिंग हॉस्पिटलात तो सफाई करायचा. १२ जानेवारी १९१५ ला वारला. ज्या महिन्यात इकडे ‘लॉयल्टी’चं नामकरण झालं, त्याच महिन्यात. सांगतात की अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचं दहन करायला नकार दिला, मुसलमान नव्हता म्हणून मुस्लिम दफनभूमीतही जागा मिळाली नाही. शेवटी गावच्या पाद्रीने त्याला सेंट निकोलस चर्चच्या आवारात पुरलं आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. ज्यांची घाण तो रोज उपसत होता, त्यांना त्याची राख चालली नाही.

कोणी म्हणेल, तेव्हा काळच तसा होता. काळ तसा होता, की कोणी तो तसा ठेवला होता? आपल्या लोकांनी बंदूक धरायची तयारी दाखवली नव्हती का? ‘एम्प्रेस’ पाण्यात उतरलं त्याच सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळेंनी लिहिला. दार उघडलं ते माणसं कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी करून. युद्ध संपलं, गरज सरली, आणि १९२१ पर्यंत ती मोडलीही. ‘लढाऊ जात’ हा शोध साहेबाचा खरा, पण त्याला दुजोरा द्यायला इथले सवर्ण हजर होते.

मला संस्थानिकांच्या दानाशी भांडण नाही. जखमी माणूस त्या खाटेवर झोपला, बरा झाला, चांगलंच झालं. भांडण नोंदीशी आहे. महाराजांचं नाव तर असं टिकलं, की १९१९ मध्ये जहाज विकत घेणाऱ्या कंपनीनेही शिंदे हेच नाव लावलं. १९२३ ला जहाज मुंबईत भंगारात निघालं, तरी त्याच्या नावाने दिवस साजरा होतो. सुखाची बरेलीतली वस्ती मात्र कोरलेली आहे ती इंग्लंडमधल्या एका चर्चच्या दगडावर.