वऱ्हाडी विनोद : कीर्तनापासून दूरचित्रवाणीपर्यंत

वऱ्हाडी विनोद : अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम व यवतमाळ ह्या जिल्ह्यांच्या, म्हणजे जुन्या वऱ्हाड प्रांताच्या, बोलीतून श्रोत्यांसमोर सादर होणारा विनोद. कीर्तन, हास्यकवितेचे मंचीय वाचन, एकपात्री प्रयोग आणि दूरचित्रवाणीवरील प्रहसने हे त्याचे प्रमुख आविष्कार होत. बोली हे हसविण्याचे साधन आहे, की बोली हाच हसण्याचा विषय आहे, हा ह्या विनोदाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. श्रोता गावातला होता तोवर तो उद्‌भवला नाही. श्रोतृवर्ग साऱ्या महाराष्ट्रातला झाला, तेव्हा मात्र वऱ्हाडी विनोदकाराला त्याचे उत्तर आपल्या सादरीकरणातून देणे भाग पडले.

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडण्यात आला. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात त्याचा समावेश झाला. ह्या दीर्घ वेगळेपणामुळे मराठी ग्रंथप्रकाशन, रंगभूमी व चित्रपट ह्यांची मुंबई-पुण्यातील केंद्रे वऱ्हाडपासून दूरच राहिली. ग्रीअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीतील मराठीविषयक खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद आढळते. ‘ळ’च्या जागी ‘य’ (डोळा–डोया, काळा–काया), ‘ण’च्या जागी ‘न’ (पाणी–पानी), ‘मला, तुला’ ऐवजी ‘मले, तुले’, ‘करतो आहे’ ऐवजी ‘करून राहिलो’ आणि ‘का’ ऐवजी ‘काहून’ ही तिची सहज ओळखू येणारी वैशिष्ट्ये होत. ही बोली म्हणजे प्रमाण मराठीचे बिघडलेले रूप, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे सिद्ध केले, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे तो समज किती निराधार आहे, हे स्पष्ट होते.

आधुनिक मराठी विनोदाच्या आरंभाशीही वऱ्हाडचा निकट संबंध आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) ह्यांनी अकोला, खामगाव व जळगाव जामोद येथे वकिली केली. मराठीत विनोदी लेखाची परंपरा त्यांनीच सुरू केली. सुदाम्याचे पोहे हा त्यांचा लेखसंग्रह प्रसिद्ध आहे. तथापि त्यांचा विनोद कोटिप्रधान व प्रमाण भाषेतील होता. भोवतालच्या शेतकऱ्याची बोली त्याचे माध्यम झाली नाही. सुशिक्षितांसाठी लिहिलेला विनोद प्रमाण मराठीत असावा, हा तत्कालीन संकेत त्यातून दिसून येतो.

बोलीतील विनोद ह्याच काळात वेगळ्या व्यासपीठावर फुलत होता. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले व अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेले संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) ह्यांचे कीर्तन हा त्याचा सर्वांत प्रभावी आविष्कार होय. ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत आणि त्या उत्तरातील विसंगती पुन्हा त्यांच्यासमोर ठेवीत. देवाला बळी देणे, कर्ज काढून जेवणावळी घालणे, दारू पिणे व अस्पृश्यता पाळणे ह्या गोष्टी अशा प्रश्नोत्तरांतून हास्यास्पद ठरत. ह्या हास्याचे लक्ष्य बोली नव्हती. वक्ता व श्रोता एकाच भाषेचे असल्याने हसू आशयावर येई आणि हसणाऱ्याला आपण स्वतःलाच हसलो, ह्याची जाणीव होई. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ह्या सादरीकरणपद्धतीचा तो मोलाचा पुरावा होय.

स्वातंत्र्योत्तर काळात कविसंमेलने, गणेशोत्सव व महाविद्यालयीन स्नेहसंमेलने ह्यांतून वऱ्हाडी कवितेला मंच मिळाला. अकोल्याचे विठ्ठल वाघ ह्यांची ‘तिफन’ ही कविता आणि अरे संसार संसार (१९८१) ह्या चित्रपटातील त्यांचे गीत ह्यांमुळे ही बोली महाराष्ट्रभर पोहोचली. विशेष म्हणजे ती हसू आणण्यासाठी नव्हे, तर शेतीतील कष्ट सांगण्यासाठी आली. यवतमाळचे शंकर बडे (१९४७–२०१६) ह्यांनी काव्यवाचनाबरोबर बॅरिस्टर गुलब्या हा एकपात्री कार्यक्रम सादर केला. ‘मिर्झा एक्सप्रेस’ ह्या नावाने विख्यात झालेले मिर्झा रफी अहमद बेग ह्यांनी वऱ्हाडी हास्यकवितेला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. पुरुषोत्तम बोरकर ह्यांच्या मेड इन इंडिया (१९८७) ह्या कादंबरीत एका वऱ्हाडी सरपंचाच्या निवेदनातून ग्रामीण राजकारणाचा उपहास आला आहे; तिचे एकपात्री प्रयोगही झाले. लक्ष्मण देशपांडे ह्यांचा वऱ्हाड निघालंय लंडनला हा गाजलेला एकपात्री प्रयोग मात्र ह्या परंपरेत बसत नाही. त्याच्या शीर्षकातील ‘वऱ्हाड’ म्हणजे लग्नाची मंडळी असून त्याची भाषा मराठवाड्यातील आहे.

दूरचित्रवाणीने हे चित्र बदलले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. गजरा हा कार्यक्रम व चिमणरावाच्या कथांवरील मालिका ही त्याच्या आरंभकाळातील लोकप्रिय विनोदी निर्मिती होय. तिची भाषा व पात्रे प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गातील होती. केंद्राचे प्रक्षेपण प्रारंभी वऱ्हाडपर्यंत पोहोचत नव्हते. ऐंशीच्या दशकात लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वाढल्यावर अमरावती व अकोला येथील प्रेक्षक दूरचित्रवाणीशी जोडला गेला. परंतु पडद्यावर त्याला स्वतःची बोली क्वचितच ऐकू येई. आली तरी ती गडी, शिपाई वा भोळा खेडूत ह्यांच्या तोंडी येई.

१९९९ मध्ये अल्फा मराठी (नंतरचे झी मराठी) ही वाहिनी सुरू झाली आणि पुढे खासगी वाहिन्यांमधील स्पर्धेतून प्रहसनांचे कार्यक्रम वाढले. प्रहसनाला थोडाच अवधी मिळत असल्याने पात्राची ओळख पहिल्याच वाक्यात पटवावी लागते, आणि त्यासाठी बोली हे सर्वांत सोपे साधन ठरते. ह्या गरजेतून मालवणी, आगरी, कोल्हापुरी व वऱ्हाडी ह्या बोलींना मागणी आली. अमरावतीचे भारत गणेशपुरे ह्यांची कारकीर्द ह्याच काळात घडली. फू बाई फू ह्या झी मराठीवरील स्पर्धात्मक कार्यक्रमातून ते प्रेक्षकांना परिचित झाले. २०१४ मध्ये त्याच वाहिनीवर सुरू झालेल्या चला हवा येऊ द्या ह्या कार्यक्रमात भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे व श्रेया बुगडे ह्यांच्याबरोबर त्यांचा प्रमुख कलावंतांत समावेश होता. कार्यक्रमाचे लेखन, दिग्दर्शन व निवेदन ह्यांची धुरा दीर्घकाळ नीलेश साबळे ह्यांच्याकडे होती. मराठीबरोबरच हिंदी चित्रपटांतील नामवंत कलावंतही तेथे येत. हा कार्यक्रम मार्च २०२४ पर्यंत चालला व २०२५ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा सुरू झाला.

गणेशपुरे ह्यांच्या अभिनयात बोलीचा वापर संयत आहे. त्यांचे पात्र बहुधा आवाज चढवीत नाही. समोरच्याची प्रतिष्ठा, पद वा प्रसिद्धी ह्यांची फारशी दखल न घेता ते गावच्या पारावरील माणसाप्रमाणे निर्विकारपणे बोलते. अशा प्रसंगी हसू बोलीवर न येता बोलीच्या साध्या शब्दांनी उघडे पडलेल्या बडेजावावर येते. गाडगे महाराजांच्या कीर्तनाचा हेतू समाजसुधारणेचा होता आणि दूरचित्रवाणीचा हेतू रंजनाचा व व्यवसायाचा आहे; तरी मोठेपणाला साध्या बोलण्याने उत्तर देण्याची रीत दोहोंत समान आहे.

ह्या यशाला मर्यादाही आहेत. सर्वदूरच्या प्रेक्षकाला कळावे म्हणून पडद्यावरील वऱ्हाडीत ‘मले’, ‘तुले’, ‘करून राहिलो’ अशी ओळखीची रूपे राहतात. शेती, कापूस व गुरेढोरे ह्यांविषयीचा खास शब्दसंग्रह मात्र गळतो. वऱ्हाडी व नागपुरी ह्यांतील भेदही पुसला जातो. त्याहून गंभीर विसंगती आशयाची आहे. वाहिन्यांवर बोलीतील विनोद रुजत होता, त्याच सुमारास कापूसपट्ट्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देशाचे लक्ष वेधले होते. जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारने अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. एकच बोली बातम्यांत शोकाची व रंजनात हास्याची भाषा झाली. मंचावरील वऱ्हाडी कवी एकाच बैठकीत कर्ज, नापिकी व थट्टा एकत्र आणू शकत असे. प्रहसनाच्या आटोपशीर साच्यात ह्या मिश्रणाला फारसा वाव राहिला नाही.

बोलीला विनोदाबाहेरचे स्थान मिळण्याची चिन्हेही दिसून आली. माझ्या नवऱ्याची बायको (२०१६–२१) ह्या मालिकेची नागपूरकडची नायिका वैदर्भी वळणाची मराठी बोलते आणि तरीही कथेचे नैतिक केंद्र तीच राहते. भ्रमणध्वनीवरील चित्रफितींमुळे अमरावती-अकोल्याच्या तरुण कलावंतांना मुंबईस न जाता प्रेक्षक मिळू लागला. हा प्रेक्षक प्रथमतः त्यांच्याच बोलीचा असल्याने शब्द समजावून देण्याची वा सौम्य करण्याची गरज पुन्हा कमी झाली. बोलणारा व ऐकणारा एकाच भाषेचे असण्याची कीर्तनातील स्थिती त्यामुळे वेगळ्या रूपात परत आली आहे. वऱ्हाडी माणूस आपल्या बोलीत जे जे बोलतो, त्या सर्वाला, त्याच्या दुःखालाही, सादरीकरणात कितपत जागा मिळते, ह्यावर ह्या विनोदाचे पुढील मोल अवलंबून राहील.